जुनी जपानी तलवार हातात आली? या चुका टाळा

मला येणाऱ्या निरोपांचा साचा ठरलेला आहे. ट्यूबलाइटखाली, पलंगाच्या चादरीवर ठेवलेल्या तलवारीचा एक हललेला फोटो आणि खाली दोन प्रश्न: "काका, ओरिजिनल आहे का? किती येतील?" पाठवणारा कधी तोक्योत नोकरीला आलेला आयटीवाला असतो, त्याने कुठल्याशा जुन्या बाजारात काहीतरी उचललेलं असतं. कधी सातारा-कोल्हापूरकडचा नातू किंवा पणतू असतो. घरातलं कोणी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेलं आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून ही निघालेली. दोघांनाही उत्तर आजच्या आज हवं असतं. तलवार तीनशे-चारशे वर्षं थांबलेली आहे, यांना चहा निवेपर्यंत दम नाही.

मी व्यापारी नाही आणि पंडितही नाही. इथे जपानातल्या तलवारींच्या अभ्यासवर्गांत मागच्या रांगेत बसून, जाणत्यांच्या हातातलं बघत बघत जे अंगवळणी पडलं तेवढंच सांगतो. पण त्याच त्या चुका इतक्यांदा बघून झाल्यात, की एकदा लिहून ठेवावं आणि पुढच्या वेळी फोटोच्या उत्तरादाखल हेच पाठवून द्यावं असं ठरवलं.

गंज दिसला की हात शिवशिवणं

सगळ्यात महागडी चूक ही, म्हणून आधी आणि सविस्तर.

मुठीच्या आत पात्याचा जो भाग जातो त्याला नाकागो म्हणतात. मूठ आणि नाकागो यांना एकत्र धरणारी गोष्ट एकच, बांबूची बारीक खुंटी, मेकुगी. ती काढली की मूठ सुटते आणि आतून काळपट, गंजलेलं लोखंड बाहेर येतं. वर पातं लख्ख आणि खाली हा कळकटपणा! आपल्या मराठी मनाला ते बघवत नाही. आपण दसऱ्याच्या आदल्या दिवशी खुरप्या-कोयत्यांपासून सगळं घासूनपुसून ठेवणारी माणसं.

तर तो गंज घासायचा नसतो. लोहार नाकागोला कानस मारून सोडून देतो आणि पात्याला झिलई करणारा कारागीर, तोगिशी, त्याला कधीच हात लावत नाही. पुढची शेकडो वर्षं तो भाग मुठीच्या अंधारात हळूहळू काळा होत जातो. जुन्या नाकागोवरचा गंज गुळगुळीत, गडद, काळसर तपकिरी असतो. हाताला लागत नाही, पुसला तरी निघत नाही. काल-परवाचा गंज लालसर आणि भुरभुरीत. पात्याचं वय सांगणारा यापेक्षा सरळ पुरावा दुसरा नाही. शिवाय कानशीचे माग कोणत्या दिशेने आहेत, आडवे, तिरपे की दोन्हीकडून उतरते, यावरून घराण्याचा माग लागतो. भोकं किती आहेत यावरून मूठ किती वेळा बदलली, पातं खालून कापून आखूड केलं का, हे कळतं. आखूड केलेलं असेल तर पूर्वी जो भाग पातं होता तो आता नाकागो झालेला असतो, आणि तिथला गंज खालच्यापेक्षा कोवळा दिसतो. आणि सही, म्हणजे मेई, कोरलेली असते ती इथेच.

काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका मुलाने फोटो पाठवले. पणजोबा मराठा पलटणीत होते. तलवारीचा बाहेरचा साज लष्करी होता, पितळी सामान आणि धातूचं रंगवलेलं म्यान. असा साज बघून पुष्कळ जण 'फॅक्टरीचा माल' म्हणून विषय संपवतात. पण महायुद्धाच्या काळात अनेक जपानी अधिकाऱ्यांनी घरातलं जुनं पातंच लष्करी साजात बसवून घेतलं होतं, त्यामुळे आत बघितल्याशिवाय बोलू नये. मी त्याला मूठ कशी सोडवायची ते सांगितलं. खुंटी बाहेर ढकल, धार तुझ्यापासून लांब राहील असं पातं तिरकं उभं धर, आणि मूठ धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताची बुक्की हलकेच मार. धक्क्याने नाकागो आपोआप सैल होतो. आतला फोटो काढ आणि तिथेच थांब.

फोटो आला आणि मी सरसावून बसलो. गडद, गुळगुळीत नाकागो. दोन भोकं. तिरप्या कानशीचे पुसट माग. खालच्या टोकाशी दोन अक्षरं, त्यातलं एक निम्मं भोकात गेलेलं. म्हणजे पातं मूळचं लांब, पुढे कोणीतरी खालून कापून आखूड केलेलं, पण कापताना सही वाचवलेली. मी लिहिलं, "हात लावू नकोस. शनिवारी सावकाश बोलू."

शनिवारी त्याने व्हिडिओ पाठवला. मित्राचं एमआयडीसीत वर्कशॉप होतं, तिथे बफिंगच्या चाकावर धरून नाकागो टोकापर्यंत चकचकीत करून घेतला होता. "काका, आता सही क्लिअर दिसेल ना?"

एका अक्षराची उभी रेघ तेवढी उरली होती. कानशीचे माग गेले, दोन प्रकारचे गंज गेले. आता ते पातं तीनशे वर्षांचं की पाचशे वर्षांचं, हे सांगायला वरचा आकार आणि पोलाद एवढंच हाताशी उरलं, आणि तेही ट्रंकेत राहून डागाळलेलं. त्याच्या उत्साहाला मी नावं ठेवत नाही. गुरुवार ते शनिवार थांबवलं नाही, त्याला ठेवतो.

यानंतर हटकून सुचवला जाणारा उपाय म्हणजे रसायन लावून पुन्हा गंज चढवणं. असं करून देणारे भेटतात. तो गंज जाणत्याला लगेच ओळखू येतो, आणि मग खरी तलवारसुद्धा खोट्यांच्या ढिगात जाते, कारण नाकागो रंगवतो तो काहीतरी लपवतो असाच सगळ्यांचा समज असतो. म्हणून झालं ते झालं, वर नवा उद्योग नको.

माझी सवय साधी आहे. नाकागो कोरड्या सुती कापडाने पुसतो. त्याला तेल चोपडत नाही. पात्याचं तेल पुसलेलं फडकं शेवटी एकदा फिरवलं तर फिरवलं. बास.

चिंच, लिंबू आणि तांब्याची भांडी

आता साज. मुठीपुढची चकती म्हणजे त्सुबा, मुठीच्या दोन टोकांच्या टोप्या म्हणजे फुची आणि काशिरा, गुंडाळीखालून डोकावणारी छोटी शिल्पं म्हणजे मेनुकी. नवख्यांचं लक्ष पात्यावर असतं. पण साज घडवणाऱ्यांची घराणी लोहारांइतकीच मोठी. पंधराव्या शतकात आशिकागा शोगुनच्या पदरी असलेल्या गोतो युजोपासून सुरू झालेलं गोतो घराणं पिढ्यान्‌पिढ्या राज्यकर्त्यांसाठी काम करत राहिलं. पुढे एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) योकोया सोमिनसारखे कारागीर दरबारी चौकटीबाहेर पडून शहरी गिऱ्हाइकासाठी मोकळं काम करू लागले. १८७६ साली मेइजी सरकारने कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली आणि या सगळ्यांचा धंदा बसला. कानो नात्सुओ हा त्या काळातला अव्वल साजकार त्याआधीच जपानच्या नव्या नाण्यांच्या कामाकडे वळला होता. बाकीच्यांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या आणि डब्या घडवल्या.

या कामातली सगळी जादू धातूच्या रंगात. शाकुदो म्हणजे तांब्यात काही टक्के सोनं मिसळून केलेला धातू. घडवला तेव्हा तो तांब्यासारखाच दिसतो. खास द्रावणात उकळला की त्यावर निळसर झाक असलेला गडद काळा रंग चढतो. शिबुइची तांबं आणि चांदीचा, त्याची राखाडी रंगाची छटा अशीच काढलेली. हा रंग म्हणजे धातूच्या अंगावरचा अतिशय पातळ पापुद्रा. तो निघाला की उरतं ते तांबं.

इथे राहणाऱ्या एका मित्राने देवळाच्या आवारातल्या जुन्या बाजारातून फुची-काशिराची जोडी घेतली होती. काळ्याभोर जमिनीवर सोन्याचे दोन करकोचे. जमीन नानाकोची, म्हणजे गाबोळीसारखे एकसारखे बारीक दाणे, एकेक दाणा हाताने ठोकून उठवलेला. दिवाळीला त्यांच्याकडे गेलो तर वहिनींनी कौतुकाने पुढे आणून ठेवली. "बघा भावजी, काय कळकट झालं होतं! देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासलं, कसं लख्ख निघालं." लाल तांबूस जमिनीवर दोन करकोचे बसले होते. सोनं आणि तांबं जवळजवळ एकाच रंगाचं दिसत होतं, दाण्यांच्या फटीत चिंचेचा चोथा. मी म्हटलं, "छान," आणि करंजी घेतली. दुसरं काय बोलणार? मित्राला मात्र जिन्यात गाठून सांगितलं, की पुन्हा रंग चढवून देणारे कारागीर आहेत, पण त्यांचं बिल या जोडीच्या किमतीच्या वर जाईल.

आंबट, खारट, रवाळ, फेसाळ असलं काहीही साजाला लावू नका. ब्रशने धूळ झटका, मऊ कापडाने पुसा. लोखंडी त्सुबालाही हेच. तिच्यावरचा गडद तपकिरी-काळा थर मुद्दाम आणलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या हाताळून मुरलेला असतो. कुठे लाल, भुरभुरता गंज चालू असेल तर हाडाच्या किंवा शिंगाच्या बोथट तुकड्याने तेवढीच जागा हळूहळू घासतात, संध्याकाळी थोडं, दुसऱ्या संध्याकाळी थोडं. तारेचा ब्रश आणि सँडपेपर घरात दुसऱ्या कामांसाठी असू द्या.

आणि त्सुबा घेताना वरची नक्षी बघून भुलू नका, भोकांच्या आत बघा. ओतीव नकलेत आतल्या भिंतीवर साच्याची रेष किंवा बुडबुडे सापडतात, कोपरे मऊ असतात, दाणे एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात. खऱ्या, वापरलेल्या त्सुबाच्या मधल्या भोकाभोवती पातं घट्ट बसावं म्हणून छिन्नीने ठोकलेल्या खुणा आणि वॉशरसारख्या चकत्यांची झीज असते. दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. मोबाइलचा कॅमेरा पुरत नाही, कितीही महागाचा असो.

आधी सही वाचणं

याचा मला खरंच कंटाळा आलाय. पातं समोर आलं की "कोणाचं आहे?" हा पहिला प्रश्न. आणि अपेक्षित उत्तर एकच: मासामुने.

मासामुने चौदाव्या शतकाच्या आसपासचा सागामी प्रांतातला लोहार. जपानी तलवारीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव. आणि त्याने सही केलेली, शंका नसलेली पाती बोटांवर मोजण्याइतकी, तीही छोटे खंजीर. त्याच्या नावावर असलेल्या बाकीच्या तलवारींवर सही नाही. पुढच्या काळात होन्'आमी घराण्यातल्या पारख्यांनी पोलाद बघून त्या त्याच्या ठरवल्या. तेव्हा लांबलचक पात्यावर ठसठशीत 'मासामुने' कोरलेलं दिसलं, तर आनंदाने उडी मारायचं कारण नाही.

एदो काळातल्या नागासोने कोतेत्सुचं याहून अवघड. तो मूळचा चिलखतं करणारा, तलवारींकडे उतारवयात वळला आणि हयातीतच त्याच्या नावाचे बनावट नमुने निघाले. 'कोतेत्सु दिसला की खोटा समजा' ही जपानी बाजारातली जुनी शहाणीव आहे. बिझेनच्या ओसाफुने गावात तर 'सुकेसादा' ही सही कितीतरी लोहार वापरत होते. युद्धांच्या धामधुमीत तिथे तलवारी मोजून नाही, गठ्ठ्याने घडत होत्या. नाव खरं, तरी माल पहिल्या दर्जाचा की शिपायांना वाटण्यापुरता, ते पात्यावरूनच ठरतं.

(पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या मैत्रीखातर उभं राहिलं, त्याच ओकायामाच्या आग्नेय भागात हा जुना बिझेन प्रांत येतो. बागेत फोटो काढणाऱ्यांपैकी शंभरात एखाद्याला हे ठाऊक असेल.)

आणि सही नसली की तोंड पाडणारे! याच ओसाफुनेचा आता सेतोउची शहरात समावेश होतो. त्या शहराने लोकांकडून देणग्या गोळा करून २०२० साली ५० कोटी येनना एक तलवार विकत घेतली. सानचोमो तिचं नाव, कामाकुरा काळातली, म्हणजे तेराव्या शतकाच्या आसपासची, उएसुगी घराण्यात राहिलेली, राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेली. तिच्यावर सही नाही.

अभ्यासवर्गात नाकागो कापडात गुंडाळून किंवा मुठीतच ठेवून पातं हातात देतात. लोहार ओळखायचा तो वरच्या भागावरून. हाच क्रम घरी पाळावा. आधी हात लांब करून पातं उभं धरायचं आणि नुसता आकार बघायचा. सडपातळ अंग, मुठीजवळ खोल बाक आणि इवलंसं टोक असेल तर मन हेइआन-कामाकुरा काळांच्या (साधारण नववं ते चौदावं शतक) दिशेने जातं. घोड्यावरून वापरायची, धार खाली ठेवून लटकवायची ताची ती. रुंद पातं आणि लांबच लांब टोक चौदाव्या शतकातल्या नानबोकुचो काळाकडे बोट दाखवतं. जवळजवळ सरळ पातं, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ घडलं. एवढं नुसत्या आकाराने सांगून होतं, एकही अक्षर न वाचता. आखूड केलेल्या पात्यात बाक बदललेला दिसतो, म्हणून तेवढी सबुरी.

मग पोलादाचा पोत, मग धारेलगतचं काम, मग टोकाच्या आत ते काम कसं वळतं ते. सही सगळ्यात शेवटी, आणि तीही एकच प्रश्न मनात ठेवून: आत्तापर्यंत जे पाहिलं त्याला हे नाव शोभतं का? शोभत नसेल तर नाव चूक, पातं नाही. हा क्रम उलटा केला की माणूस नाव वाचतो आणि मग त्या नावाला साजेसं सगळं त्याला पात्यात दिसायला लागतं. भल्याभल्यांचं होतं.

पांढरा पट्टा म्हणजे हामोन नव्हे

धार कडक आणि पाठ लवचिक राहावी म्हणून लोहार पात्यावर माती लिंपतो, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड, आणि तापवून पाण्यात घालतो. धार झटकन निवते आणि कडक होते, पाठ सावकाश निवते. बाकही बराचसा या क्षणीच येतो. कडक आणि मऊ पोलादाच्या सीमेवर जी नक्षी उमटते ती हामोन. आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो ते माहीत असणाऱ्याला हे पटकन समजतं.

पण प्रदर्शनात जो दुधाळ पांढरा पट्टा लांबूनही दिसतो तो बहुतेक वेळा झिलईवाल्याने काढलेला असतो. बोटाच्या टोकावर दगडाचा पातळ कपटा धरून तो धारेचा भाग पांढरा करतो, याला हादोरी म्हणतात. ही पद्धत मेइजी काळात रूढ झाली. हामोनचा ढोबळ माग घेत जाते, पण म्हणजे हामोन नव्हे. नवखी मंडळी त्या पट्ट्याच्या कडेचे फोटो काढतात आणि 'काय सुंदर लाटा' म्हणून टाकतात. खरी रेष बघायला पातं दिव्याकडे रोखावं लागतं. एकच दिवा हवा, साधा बल्ब, डोळ्यांच्या उंचीच्या जरा वर. ट्यूबलाइट बंद करा, खिडकीचा पडदा ओढा. पात्याची पाठ कापडावर टेकवून ते पुढे-मागे, कणाकणाने कलतं करा. एका विशिष्ट कोनात दिव्याचं प्रतिबिंब धारेजवळ येतं आणि त्याच्या कडेला धुक्यासारखी उजळ रेष उठते. ती निओई. त्यात कुठे सुटे सुटे चमचमणारे कण दिसले तर ते निए. एकदा हे दिसलं की पांढऱ्या पट्ट्याकडे पुन्हा बघावंसं वाटत नाही.

आम्लाने कोरलेल्या किंवा तारेच्या ब्रशने काढलेल्या खोट्या हामोनात हे घडत नाही. कोणत्याही कोनातून ती सपाट, सारखीच. ऑनलाइन 'अँटिक कताना' म्हणून जे विकतात त्यातल्या बहुतेकांचा निकाल एका बल्बखाली लागतो.

पोलादाचा पोतही याच उजेडात दिसतो. लाकडाच्या फळीवर असतात तशा रेषा, कुठे सरळ, कुठे गाठीदार. घडीवर घडी घालून ठोकल्याने आलेल्या. घड्या साधारण दहा ते पंधरा वेळा घालतात. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात, पंधराव्या घडीला ते तीस हजारांच्या पुढे जातात. 'हजार वेळा घडी घातलेली तलवार' हा थर आणि घड्या यांच्यातला गोंधळ आहे. हजार घड्या घातल्या तर पोलादातला कार्बन जळून जाईल आणि हातात तलवार न राहता खिळा राहील.

घरच्या घरी धार आणि झिलई

नको. एका वाक्यात सांगायचं तर नको. स्वयंपाकघरातला दगड नको, पॉलिशची पेस्ट नको, यूट्यूब नको. तोगिशी एकामागून एक बारीक होत जाणारे दगड वापरतो आणि प्रत्येक झिलईत पात्याचं थोडं पोलाद कायमचं जातं. पुष्कळदा झिलई झालेल्या पात्यात वरचं चांगलं पोलाद झिजून आतला मऊ, निस्तेज गाभा डोकावतो. तेव्हा खरा कारागीरसुद्धा 'आत्ता गरज नाही' म्हणून परत पाठवतो. पाठवला तर त्याचे आभार माना. कोणी 'करून देतो, स्वस्तात' म्हणाला तर पातं उचला आणि निघा.

दोष शोधताना मात्र एक गोष्ट नीट बघा: धारेला काटकोनात गेलेली केसासारखी चीर. हिला हागिरे म्हणतात. पोतातले छोटे पापुद्रे, बारीक फटी हे चालतं, जुन्या पात्यात असायचंच. हागिरे असेल तर तलवार म्हणून ते पातं संपलं.

बाकीच्या, पटापट

पात्याला बोट लावू नका. धार बघायला अंगठा तर मुळीच नाही. बोटाच्या घामाचा ठसा पोलादात उतरतो आणि झिलईशिवाय निघत नाही. पात्यावर तोंड आणून बोलूही नका. इथले लोक बघताना गप्प असतात ते केवळ आदबीपोटी नाही.

म्यानातून उपसताना धार वर. पातं पाठीवर सरकवत, सिनेमासारखा खर्रकन आवाज न करता. आवाज आला म्हणजे म्यानाचं लाकूड कापलं गेलं.

मेकुगीच्या जागी लोखंडी खिळा ठोकू नका. बांबू मिळत नसेल तर तोवर मूठ सुटी ठेवा.

तेलाचा अगदी पुसट हात द्या. ओघळ दिसला तर जास्त झालं. उचिको नावाच्या पावडरच्या पुरचुंडीने ठोकणं दिसायला छान, पण पावडर हलक्या प्रतीची असेल तर बारीक ओरखडे पडतात. मी स्वच्छ मऊ टिश्यू आणि शुद्ध अल्कोहोल यावर भागवतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात दर पंधरवड्याला उघडून बघा. चामड्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं पातं म्हणजे गंजाला घर बांधून देणं.

खंडेनवमीला शस्त्रपूजा जरूर करा. पण पात्यावर ओलं हळद-कुंकू नको, ओलं फूल तर नकोच. म्यानासकट पाटावर ठेवा आणि कुंकू पाटाला लावा. देवीला चालतं.

साधं, बिनरंगाचं लाकडी म्यान आणि मूठ बघून 'साज हरवलाय' समजू नका. ते शिरासाया, पात्याचं विश्रांतीचं घर. होओनोकी नावाच्या हलक्या लाकडाचं, भाताच्या खळीने चिकटवलेलं, म्हणजे साफ करायला पुन्हा उघडता येतं. ते हातात धरून तलवारबाजी करू नका, दुभंगेल. त्यावर शाईने काही लिहिलेलं असेल तर ते पुसू नका, बहुधा कोणा पारख्याचं मत असतं.

पातं आणि साज एकाच काळातले असतील असं धरू नका. पात्याच्या आयुष्यात साज कितीदा तरी बदलतो.

मूठ ॲल्युमिनियमची ओतीव, तिच्यावर गुंडाळी नुसती रंगवलेली, आणि पात्यावर आकडे ठोकलेले असतील, तर ती जपानी सैन्यातल्या हवालदार दर्जाच्या लोकांसाठी १९३५ च्या नमुन्याप्रमाणे कारखान्यात केलेली. घराण्याची आठवण म्हणून तिचं मोल आहेच. तिच्यात हामोन शोधू नका.

कागदपत्रं 'नंतर'

जपानात घेणार असाल तर शेवटची अडचण इथे येते. प्रत्येक खऱ्या तलवारीबरोबर नोंदणीचं एक कार्ड, तोरोकुशो, असायलाच हवं. ते माणसाच्या नावाचं नसून तलवारीचं असतं, आणि मालक बदलला की वीस दिवसांत संबंधित प्रांताच्या शिक्षण मंडळाला कळवावं लागतं. कार्डावरची लांबी, बाक, भोकांची संख्या समोरच्या पात्याशी ताडून बघा, दुकानातच. पारखीचं प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट. ते १९४८ साली स्थापन झालेली तलवार-संरक्षण संस्था देते, होझोनपासून तोकुबेत्सु जुयोपर्यंत चढत्या श्रेणींत. एक असलं म्हणजे दुसरं असतं असं नाही. संस्थेचं संग्रहालय तोक्योत र्‍योगोकुला आहे. काही विकत घ्यायच्या आधी तिथे आणि उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

देशाबाहेर न्यायला सांस्कृतिक खात्याची वेगळी परवानगी लागते. उद्याच्या विमानाने न्यायचं असेल तर विसरा. आणि मुंबईला उतरल्यावर आपलं कस्टम आणि शस्त्र कायदा तुमची वाट बघत असतात. त्याची चौकशी निघण्याआधी करायची, बॅगेच्या पट्ट्यापाशी उभं राहून नाही.

विक्रेता म्हणाला, "कार्ड घरी राहिलंय, पोस्टाने पाठवतो," तर पैसेही पोस्टानेच पाठवतो म्हणून सांगा.